स्वच्छ नळी

रायफलीच्या पोलादाचा अंगठ्याएवढा तुकडा नेमबाजी क्लबच्या लाकडी खांबात रुतून बसला होता. दुसरा, गव्हाच्या दाण्याएवढा, आर्ने आस्कलंडच्या उजव्या डोळ्यात गेला होता. खांब शाबूत राहिला. डोळा गेला.

एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीचा हंगाम तोंडावर आला होता. मोंटानातल्या टॅमरॅक गावात या दिवसांत सगळे आपापल्या रायफली तपासायला क्लबवर जमतात आणि एकमेकांना न विचारलेले सल्ले देतात. आर्नेने पहिलीच गोळी झाडली आणि रायफल हातातच फुटली. काडतूस दुकानातलं नव्हतं. त्याच्या मुलाने, वेंडेलने, घरी भरलेलं होतं. त्याची आयुष्यातली पहिलीच खेप, आणि ती त्याने बापाला भेट दिली होती.

डेप्युटी शेरीफ लोइस ब्रेकेन वेंडेलच्या गॅरेजवर पोचली, तेव्हा रॉइस किमर्ले तिच्या आधीच आत उभा होता. गॅरेजला कुलूप नव्हतं. टॅमरॅकमध्ये कोणी लावत नाही.

लोइसला हा माणूस डोळ्यांसमोर नको असे. रॉइस क्लबचा सुरक्षा-शिक्षक. झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा कशा भरायच्या, ते तो नवशिक्यांना शिकवायचा; आणि शिकवताना आव असा, की बंदुकीचा शोध याच्याच आजोबांनी लावला. छातीवर बिल्ला, कमरेला ताटलीएवढं बक्कल आणि तोंडात चोवीस तास नियम.

"ये, लोइस. कशाला हात मात्र लावू नकोस हं," तो म्हणाला. जणू गुन्ह्याची जागा ती पहिल्यांदाच बघत होती. "टेबलावर पावडरचे डबे किती दिसतात तुला?"

"दोन."

"दोन! ही रायफलची पावडर, सावकाश जळणारी. आणि ही पिस्तुलाची, भसकन पेटणारी. रायफलीच्या मापाने ही भरली की काडतूस नाही, बॉम्ब होतो. घसा फोडून सांगतो मी यांना, टेबलावर एका वेळी एकच डबा. ऐकतंय कोण?"

"म्हणजे पोराने डबा चुकवला?"

"नाहीतर काय! बापाचा डोळा फोडला बिचाऱ्याने." बिचाऱ्याने म्हणताना त्याला जिभेवर साखर ठेवल्यासारखं झालं होतं.

लोइस टेबलापाशी गेली. पावडर मोजून पुंगळीत सोडणारं यंत्र कडेला बसवलेलं होतं. त्याच्या डोक्यावरची प्लॅस्टिकची उभी नळी रिकामी होती, काचेसारखी लख्ख.

"यंत्र कोणाचं?"

"माझं. शिकणाऱ्यांना मी तेच देतो, कित्येक वर्षं."

"छान ठेवलंय."

"वस्तू सांभाळायला अक्कल लागते, लोइस."

तिथून ती हॉस्पिटलला गेली. वेंडेल आत नव्हता. बाहेर आपल्या पिकअपमध्ये स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता. पंचविशीतला, शाळेची बस चालवणारा मुलगा. रडून त्याचा चेहरा सुजला होता. लोइस शेजारच्या सीटवर बसली.

"आत का नाही गेलास?"

"बाबांनी नर्सला सांगितलं, त्याला आत सोडू नका."

"टेबलावर दोन डबे कसे आले?"

"एकच होता. माझ्याकडे पिस्तूलच नाही, डेप्युटी. ती पावडर मी कशाला घेऊ?"

"घेतली असशील. विसरला असशील."

"नाही हो! रॉइससरांनी सांगितलं तस्संच केलं मी सगळं. दर वेळी काट्यावर तोललं. कुठली पावडर भरलीय ते चिकटपट्टीवर लिहून नळीला लावलं. संपल्यावर नळी रिकामी केली."

"सुरुवातीला यंत्रात काही उरलेलं नव्हतं ना?"

"सर म्हणाले, साफ केलंय, सरळ भर. आणि त्या नळीतून दिसतंय काय? किती पावडर राहिली ते बघायला झाकण उघडून डोकवावं लागायचं."

"का?"

"पिवळी पडलीय ना ती. धुरकट, म्हाताऱ्या घोड्याच्या दातांसारखी."

लोइसने त्याच्याकडे नीट पाहिलं. "बरं. भरताना वेगळं काही जाणवलं?"

"पहिल्या दोन-चार काडतुसांना पावडर चपटी, बारीक आली. पुढे जाडसर यायला लागली. मला वाटलं, कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यात चुरा तळाला बसतो, तसं असेल." त्याने बाहीने नाक पुसलं. "आणि बाबांना मी पहिलंच काडतूस दिलं. मुद्दाम. पहिलं त्यांचं म्हणून."

लोइसने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तिला रॉइसची साखर आठवली आणि तिचा संताप झाला.

तिने शेरीफच्या शस्त्रतज्ज्ञाकडून, खोक्यात भरल्या क्रमाने लावलेली, उरलेली काडतुसं उघडून घेतली. मग न्यायाधीशाकडून झडतीची परवानगी काढली आणि क्लबच्या मागच्या खोलीत रॉइसचं कपाट उपसलं. निघताना तिच्या पिशवीत एक लांबट वस्तू होती.

संध्याकाळी रॉइसचा वर्ग भरला. अपघातानंतर सगळ्या गावाला, बायकांना आणि पुरुषांना, अचानक सुरक्षेचं प्रेम आलं होतं, खुर्च्या पुरेनात. रॉइस फुलून गेला होता.

"आस्कलंडच्या पोराला मी हेच शिकवलं होतं," तो सांगत होता. "पण डोक्यात भुसा असला, की शिक्षक काय करणार?"

मागून लोइसने हात वर केला. "सर, एक अडाणी शंका आहे. नळी रोज रिकामी का करायची?"

सर म्हटल्यावर रॉइसची छाती आणखी पुढे आली. "उत्तम प्रश्न! एक तर उद्या आत काय आहे ते विसरायला होतं. दुसरं, पिस्तुलाची पावडर प्लॅस्टिक खाते. मुक्काम पडला की नळी पिवळी होते, धुरकट होते. तो डाग मग जन्मात जात नाही."

"आणि वेंडेलने आणली होती ती रायफलची पावडर?"

"ती नाही खात. म्हणून सांगतो, कोणाची नळी पिवळी दिसली तर ओळखा, हा माणूस नाही, डुक्कर आहे."

वर्ग खदखदून हसला. लोइसही हसली. मग तिने पिशवीतून नळी काढून वर धरली. पिवळी, धुरकट.

"मग हे डुक्कर कोण, रॉइस?"

रॉइसची नजर दाराकडे गेली.

"मी सांगते," लोइस म्हणाली. आता ती कोणाला सर म्हणत नव्हती. "वेंडेलने डबा चुकवला असता, तर त्या डब्यातून भरलेली सगळीच काडतुसं बिघडली असती. पण पिस्तुलाची पावडर फक्त पहिल्या दोन-चारांत निघाली. पुढे मिसळ, आणि मग नुसती रायफलची. म्हणजे ती आधीपासूनच यंत्राच्या तळाशी होती. तू उरवलेली. साफ केलंय म्हणून सांगितलंस आणि तसंच उसनं दिलंस. पोराने वजन बरोबर केलं, पण चुकीच्या पावडरचं."

"हे तुला सिद्ध—"

"थांब. रायफल फुटली, पोरगा बापाबरोबर हॉस्पिटलला गेला आणि तू त्याच्या उघड्या गॅरेजमध्ये. पिस्तुलाच्या पावडरचा डबा टेबलावर ठेवलास. पिवळी नळी काढून नवी बसवलीस, कारण तिच्यावर तुझा घाणेरडेपणा लिहिलेला होता. पण पोराला धुरकट नळी आठवत होती, आणि मला दिसली काचेसारखी. पोराने पट्टी लावली होती, आणि माझ्यासमोरच्या नळीवर पट्टीच नव्हती."

"अशा नळ्या शंभर असतात!"

लोइसने नळी फिरवली. मागच्या बाजूला अर्धवट सोललेली चिकटपट्टी होती. तिच्यावर वेंडेलच्या अक्षरात पावडरचं नाव होतं.

"कॉफीच्या डब्यात होती, जुन्या स्क्रूंच्या खाली. कचऱ्यात टाकली असतीस तर सुटला असतास. पण तुम्हा पुंगळ्या भरणाऱ्यांना टाकवतंय कुठे? जमिनीवरची रिकामी पुंगळी वाकून उचलणारी माणसं तुम्ही. न जाणो, पुन्हा कधीतरी उपयोगी पडेल! एका नळीचा मोह सुटेना तुला, आणि म्हाताऱ्याचा डोळा पोराच्या माथी मारायला मात्र निघालास."

कोणी हसलं नाही. रॉइसने बिल्ल्यावर हात ठेवला. "मी शिकवलेले नियम बरोबरच होते, लोइस."

"अगदी बरोबर. सगळ्या गावात ते पाळणारा एकच जण निघाला, त्याला तू डोक्यात भुसा म्हणालास. चल, गाडीत बस."

रॉइसला कोठडीत पोचवून लोइस हॉस्पिटलला गेली. आर्ने पट्टी बांधलेलं डोकं भिंतीकडे करून पडला होता. तिने सगळं सांगितलं. मग तिने नळी त्याच्या हातात दिली.

त्याने ती उरलेल्या डोळ्याजवळ नेली. पावडरच्या नावाखाली, फाटक्या कडेला लागून, लहान अक्षरांत आणखी एक ओळ होती. ती वाचायला त्याला बराच वेळ लागला.

बाबांच्या एल्कसाठी.

"कुठाय तो?" आर्नेने विचारलं.

"खाली, गाडीत. घरी गेलाच नाहीये."

"या थंडीत? हीटर तरी लावलाय का मूर्खाने?" त्याने नळी छातीशी धरली आणि तोंड पुन्हा भिंतीकडे वळवलं. "वर पाठव त्याला, लोइस. लवकर पाठव."