चौथ्या तंबूतली ऊब

एका रात्रीचं सामान ते काय, पण विजयश्रीनं असं भरलं होतं की जणू महिनाभर परत यायचंच नाही. तीन वर्षांच्या प्रणिताची दोन स्वेटरं, कानटोपी, ओव्याची पुरचुंडी, छातीला चोळायचा बाम, वरून जाड गोधडी. गाडीची डिकी कशीबशी लावत नवरा, बालाजी म्हणाला, "अगं, आपल्याच शेतात चाललोय. इथून नौबादहून कोहिनूर गाव काय परमुलूख हाय का?"

"शेत आपलं हाय. थंडी न्हाई आपली," ती म्हणाली.

शेत आपलं होतं, पण माळाकडच्या तुकड्यात आता तूर नव्हती. सासऱ्यांनी, गुंडेरावअप्पांनी तो आळंदच्या रत्नपालला वापरायला दिला होता आणि त्यानं तिथं पांढरे गोल तंबू उभे केले होते. आत गुबगुबीत पलंग, पायाखाली लाकडी फळ्या, कोपऱ्यात हीटर, बाहेर दिव्यांच्या माळा. थंडी पडली की हैदराबादची, सोलापूरची माणसं तिथं मुक्कामाला येत. गुंडेराव हसायचे. "आमी सारा जन्म खोपीत काढला, तवा कुणी फोटू काढाय आलं न्हाई!"

विजयश्री मात्र हौसेनं निघाली नव्हती. पाच वर्षांमागं, अशाच पौषात, तिचं पहिलं लेकरू गेलं होतं. मुलगा. अकरा दिवसांचा. बाराव्या दिवशी बारसं व्हायचं होतं. एवढ्याशा जिवाला जाळत नाहीत, पुरतात. आणि पुरायला गडीमाणसंच जातात. आईला जागा सांगत नाहीत. सासूबाई, नागूबाई म्हणाल्या होत्या, "जागा कळली की आईचा जीव तिथंच गुततो, माय. पुढली कूस उजवत न्हाई. आन् बिननावाच्या लेकराला कधी हाक मारू नको."

पुढली कूस उजवली. प्रणिता झाली, तिचं अंगावरचं दूध तोडूनही दीड वर्ष झालं. तरी हिचा जीव गुंतलेलाच होता. कुठं, तेवढं तिला माहीत नव्हतं. शेतातच असणार, असं तिनं मनाशी धरलं होतं. बालाजीला विचारलं की तो उठून बाहेर जायचा. आणि तंबू झाल्याचं ऐकल्यापासून तिला एकच घोर लागला होता. मेखा ठोकताना एखादी त्याच्या अंगात तर गेली नसेल?

दिवस मावळताना ते पोचले. ओढ्यावरून धुकं चढत होतं.

"या अक्का," रत्नपाल सामोरा आला. "तुमच्यासाठी चार नंबर ठिवलाय. बाकीच्यात हीटर लावून बी लोक काकडायलेत. ह्या तंबूत हीटर बंद करत्यात."

"कामून?"

"काय की. ऊब धरत असंल." त्यानं कुलपाची किल्ली हातावर टेकवली आणि मागं न बघता निघून गेला.

आत पाऊल टाकलं आणि विजयश्री थबकली. वास येत होता. ओवा, बाळंतशेपा, धुरी, कोमट तेल... बाळंतिणीच्या खोलीचा वास.

"तुम्हाला कसला वास येतोय का?"

"नव्या रंगाचा," बालाजी म्हणाला आणि जेवून पांघरूण ओढून झोपला.

पहाटे तिला जाग आली तेव्हा प्रणिता पलंगावर नव्हती. पोर खाली, खांबाजवळ, उघड्या फळ्यांवर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती.

"उठ गं! गारठून मरशील!"

"इथं गरम हाय, आई..."

तिनं हात लावला. सगळ्या फळ्या बर्फासारख्या होत्या. फक्त एक जागा ऊन होती. सुपाएवढी. तान्ह्याला सुपात निजवतात ना, तेवढीच. आणि खालून, अगदी हळू, आवाज येत होता... झोपेत तान्हं ओठ चोखतं तसा. चुटू... चुटू...

तिचं पोलकं भिजलं. दीड वर्षानं.

तिनं पोरीला उचलून बापाच्या कुशीत सरकवलं आणि स्वतः फळ्यांवर पालथी झाली. दूध फटीतून झिरपत गेलं. आवाज भराभर होत गेला. मग, दहाव्या रात्री मनात ठरवलेलं, नवऱ्यालाही न सांगितलेलं नाव तिच्या तोंडून निसटलं.

"श्रीहर्ष... माझ्या बाळा, तुझं नाव श्रीहर्ष..."

आवाज थांबला. फळी एका क्षणात गार पडली. कुणीतरी उठून गेल्यासारखी.

सुटला, तिला वाटलं. पोटभर प्यायला, नाव घेतलं, सुटला गं बाई. ती किती तरी वेळ रडली. पाच वर्षांत रडली नव्हती तसं, मोकळं.

उजाडल्यावर तिनं बालाजीला सांगितलं. "माझं लेकरू मला घावलं. इथं हाय. ह्या फळीखाली."

बालाजीचा चेहरा उतरला. "विजू... तो इथं न्हाई."

"खोटं बोलायलाव."

"प्रणिताची आण. अप्पा म्हणले घरच्या शेतात नको. आमी त्याला ओढ्यापल्याड नेलं, बाभळीखाली."

"मग इथं...?"

"मला काय ठावं!" तो ओरडला, आणि मग एकदम हळू म्हणाला, "तू काय केलंस विजू?"

"मला तिथं न्या. आत्ता."

त्यानं झोपलेल्या पोरीला खांद्यावर घेतलं. ओढा ओलांडला. बाभळीखाली तीन दगड होते, एकावर एक. विजयश्री बसली, मातीवर दोन्ही तळवे ठेवले. माती गार होती, नुसती गार. पोलकं कोरडंच राहिलं. पाच वर्षं तिचं पोर इथं थंडीत एकटं पडलं होतं, आणि त्याच्या वाटचं दूध, त्याच्या वाटचं नाव ती दुसऱ्याच कुणाला देऊन बसली होती. त्याच्यासाठी तिच्यापाशी दुसरं नावच नव्हतं.

"माफ कर रे..." ती मातीला म्हणाली. "माफ कर, श्रीहर्ष..."

"ओ."

हाक मागून आली होती. ओढ्याच्या त्या बाजूनं, तंबूंकडून, धुक्यातून.

"आलो... आई..."

बालाजी जागीच थिजला. तो आवाज लेकराचा नव्हता. पिकल्या वयाच्या, घशात कफ दाटलेल्या पुरुषाचा होता. आणि वाळल्या गवतातून जे जवळ येत होतं, ते चालत नव्हतं. रांगत होतं.