वाऱ्याआडचा कोपरा

“केस ओले आहेत तुमचे.”

तियानाने जिमचं दार आतून ओढलं, तर तेच दार बाहेरून ढकलणारा एक उंच तरुण उंबऱ्यात उभा. हिरवं जाकीट, लोकरीची टोपी पार भुवयांपर्यंत... आणि ओळख ना पाळख, पहिलं वाक्य हे!

“माहीत आहे मला. डोकं माझंच आहे,” ती म्हणाली.

“बाहेर कोशावा सुटलाय.”

“तेही माहीत आहे. इथेच वाढलेय मी.”

“मग तर कमालच झाली.” तो दारातून हलायला तयार नव्हता. “पांचेवोत वाढलेली मुलगी, नोव्हेंबरात, ओल्या केसांनी रस्त्यावर... तुमच्या आईला कळलं तर?”

ओठांवर आलेला टोमणा तियानाने गिळला. त्याच आठवड्यात तिची आई परदेशात, लिंट्सला गेली होती. तिथे तियानाच्या मोठ्या बहिणीला जुळं झालं होतं आणि आईला आता वर्ष-दोन वर्षं तरी तिथून हलता येणार नव्हतं. “टोपी घाल गं” असं ओरडणारं घरात कुणी उरलं नव्हतं. ती मुकाट्याने मागे वळली आणि हात सुकवायच्या यंत्राखाली डोकं घालून उभी राहिली. यंत्र घरघरत होतं, म्हणून तिचं रडणं कुणाला ऐकू गेलं नाही.

आमच्या पांचेवोत हिवाळा येतो तो या बोचऱ्या वाऱ्यावर बसूनच. कोशावा एकदा सुरू झाला की छत्र्या उलट्या करतो, दुकानांच्या पाट्या बडवतो आणि माणसांना घरात डांबून ठेवतो. ऑक्टोबरात स्तानिमिर काकांच्या जिममध्ये वजनांसाठी रांग लागायची. डिसेंबर उजाडला आणि एकेक गडी गळाला. कुणाचा गुडघा, कुणाची सासू, कुणाचा नुसताच कंटाळा. तियाना मात्र येत राहिली.

तिला व्यायामाची भारी आवड होती म्हणावं, तर तसं मुळीच नाही! ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांच्या नाकावर भिंगं चढवून विचारायची, “आता दिसतंय? आणि आता?” संध्याकाळी शटर पडलं की तिच्या मनात यायचं, आपण तरी कुणाला दिसतो का? घरी गेलं की स्वयंपाकघराची खिडकी वाऱ्याने शिट्टी वाजवायची, तेवढीच काय ती सोबत. जिममध्ये निदान स्तानिमिर काका असायचे. एके काळचे वजन उचलणारे पैलवान, आता हीटरला चिकटून शब्दकोडी सोडवणारे. ती आत आली की चष्म्यावरून बघून म्हणायचे, “आलीस?” तेवढं ऐकायला ती जायची.

पण जाणं म्हणजे एक दिव्यच. मनाला लाच द्यावी लागे. तिने व्यायामाचे कपडे रेडिएटरवर तापत ठेवून पाहिले. बूट मुद्दाम दारात ठेवले, म्हणजे अडखळल्यावर तरी लाज वाटेल. येताना भाजलेले चेस्टनट घ्यायचे, असं आमिषही स्वतःला दाखवलं. तर एका संध्याकाळी ती नुसते चेस्टनट खाऊनच घरी परतली.

मग एक उपाय लागू पडला आणि तो होता जिमच्या खुंटीवरचं हिरवं जाकीट. वुकाशिन त्याचं नाव. पहिल्या भेटीनंतर दोनच दिवसांत तोही रोज येऊ लागला. काचेच्या दारातून ते जाकीट दिसलं की तियानाच्या गारठलेल्या पायांना आपोआप वेग यायचा.

आता, त्या जिममध्ये एक मोठं संकट होतं. नदीकडची उंच खिडकी नीट मिटत नसे. तिच्या फटीतून शिरलेला वारा सगळ्या यंत्रांवरून सणसणत जायचा आणि समोरच्या दारावरच्या झरोक्यातून बाहेर पडायचा. अशा आरपार वाऱ्याला आमच्याकडे ‘प्रोमाया’ म्हणतात आणि तिला आम्ही जेवढे भितो तेवढे देवालाही भीत नाही. मान आखडली, प्रोमाया. कान दुखला, प्रोमाया. मुलगा परीक्षेत नापास झाला तरी त्याची आजी आधी कुठली खिडकी उघडी होती ते बघणार. एवढ्या भयंकर गोष्टीच्या नावात ‘माया’ कुठून शिरली, कोण जाणे!

त्या वाऱ्यापासून सुटका होती ती एकाच कोपऱ्यात. तिथे जाड गाद्यांची चळत भिंतीसारखी रचलेली होती आणि तिच्या आडोशाला व्यायामाच्या दोन सायकली. अगदी शेजारी-शेजारी... इतक्या, की पायडल मारताना कोपराला कोपर लागायचं.

“आज उशीर?” तो विचारायचा.

“वाटेत वारा होता.”

“वारा मलाही होता.”

“तुमच्या पाठीमागून असेल. माझ्या तोंडावर होता.”

तो हसायचा. व्यायामाला येतानाही त्याच्या गळ्यात मफलर असायचा. त्याला रकियाचा, म्हणजे घरच्या आलुबुखारी दारूचा, बारीक वास यायचा.

“मफलर घालून सायकल? आणि पिऊन आलात की काय?”

“फॅशन आहे. तुम्हाला नाही कळायची.”

मग दोघं मान खाली घालून पायडल मारायची. बाहेर कोशावा हुंकारत असायचा, आत हीटर कुरकुरत असायचा.

“कुठवर आलो असू आपण?” एकदा त्याने विचारलं.

“नोवी साद शहर मागे पडलं.”

“मग थांबूया की जरा. कॉफी घेऊ.”

“काही थांबायचं नाही. चालव तू सायकल!”

‘तू’ तोंडातून निसटलं आणि तिने जीभ चावली. त्याचे कान लाल झालेले तिने पाहिले. त्या दिवसापासून दोघंही अरे-तुरेवर आली.

“तू काम काय करतोस रे?”

“लाकूडकाम.”

“म्हणजे नेमकं काय?”

“म्हणजे... लाकडाचं काम.”

यापलीकडे तो सरकायचा नाही. पण भाऊ स्लोव्हेनियाला गेल्यापासून आपण वर्कशॉपमध्ये एकटेच असतो, रेडिओ चालू ठेवतो आणि त्यातल्या निवेदकाला कधीकधी उत्तरं देतो, हे त्याने सांगितलं. तियाना हसली. मग आपणही खिडकीच्या शिट्टीशी बोलतो हे तिला आठवलं आणि तिचं हसू मावळलं.

“वुकाशिन... असं रोज चालवत राहिलो तर लिंट्सला पोचू का रे आपण?”

“रोज आलीस तर पोचू.”

जानेवारीत एका सकाळी ती उठली तर मान वळेना. उजव्या कानात ठणका. दुकानाला सुट्टी, जिमलाही सुट्टी. फोनवर आईने निदान करून टाकलं, “प्रोमाया लागली! टोपी घातली नव्हतीस ना?”

“घातली होती गं.”

“खोटं बोलू नकोस!” आणि पलीकडे एक बाळ रडायला लागलं, मग दुसरं. “ठेवते हं राणी, नंतर बोलू.”

नंतर बोलणं झालं नाही. तियाना शाल गुंडाळून स्वयंपाकघरात बसून राहिली. आपण महिनाभर असंच पडून राहिलो तरी कुणाच्या लक्षात येईल, याचा ती विचार करत होती. चष्म्याच्या दुकानाचा मालक सोडला तर तिला नाव सुचेना.

तेवढ्यात बेल वाजली.

दारात हिरवं जाकीट. एका हातात लिंडन झाडाच्या वाळवलेल्या फुलांची पुडी, दुसऱ्या हातात बाटली.

“काकांनी तुझ्या दुकानात फोन केला, तेव्हा मान आखडल्याचं कळलं. पत्ता त्यांनीच दिला,” वुकाशिन घाईघाईने म्हणाला. “फुलांचा चहा कर. रकिया प्यायला नाही... मानेला चोळायला. म्हणजे तू चोळायची. तुझी तू.”

“आत ये आधी. वारा येतोय.”

त्याने बूट काढले. पाहुण्याला सपाता द्यायच्या, तर घरात तिच्याखेरीज एकच जोड होता, आईचा, पुढच्या टोकाला गुलाबाचं फूल विणलेला. तो बिचारा त्यातच कशीबशी बोटं खुपसून टाचा उघड्या टाकून फरपटत आत आला. कितीतरी दिवसांनी त्या घरात दुसऱ्या कुणाची पावलं वाजत होती. तियानाला ती ऐकत राहावीशी वाटली.

तिने पाणी उकळत ठेवलं. खिडकी नेहमीसारखी शिट्टी घालत होती. वुकाशिन तिच्याजवळ गेला, चौकटीवरून अंगठा फिरवला, जाकिटाच्या खिशातून पेचकस काढला, बिजागरीचा एक स्क्रू पिळला, दुसरा सैल केला... आणि शिट्टी थांबली. पाणी उकळायच्या आत!

“तुला खिडक्या दुरुस्त करता येतात?” तियानाने विचारलं.

“हो... तेच तर करतो मी. खिडक्या.”

“लाकूडकाम म्हणाला होतास.”

“लाकडाच्याच असतात.”

तिने चहाची किटली खाली ठेवली. मान वळत नव्हती म्हणून सगळं अंग वळवून त्याच्याकडे पाहिलं. “मग जिममधली खिडकी? हिवाळाभर तू तिच्यासमोर बसतोयस!”

तो आईच्या सपातांकडे बघत राहिला.

“काकांनी मला तीच दुरुस्त करायला बोलावलं होतं. तू ओल्या केसांनी भेटलीस ना, त्या दिवशी. खिशात टेप होती माझ्या, माप घ्यायला. थोडक्यात होणारं काम होतं. पण मी काकांना सांगितलं, लाकूड ओलं आहे, वाळायला वसंत उजाडेल.”

“का?”

“खिडकी मिटली असती तर तू... कुठेही बसली असतीस.”

तियानाने खिडकीच्या चौकटीकडे पाहिलं. मग आठवलं. “पण काका तर फटीत चिंधी कोंबायचे रोज.”

“मी काढायचो.”

“तू काढायचास?” तिचा आवाज चढला. “माणूस आहेस का कोण! जाणूनबुजून प्रोमाया? ही मान बघ माझी! सरळ तोंडाने विचारता येत नव्हतं, शेजारी बसू का म्हणून?”

“विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. वाऱ्याला कुणी नाही म्हणत नाही.”

खरं म्हणजे ते ऐकून तिला गोड वाटलं होतं. पण त्याच वेळी कानात ठणका उठला आणि ठणक्याचा विजय झाला. “जा तू,” ती म्हणाली.

त्याने सपाता काढून भिंतीशी नीट लावून ठेवल्या. जिन्यात पोचल्यावर थांबला. “टोपी घालत जा,” एवढंच बोलला आणि उतरून गेला.

त्यानंतरच्या संध्याकाळी फार लांबल्या. मान सुटली, कान शांत झाला, पण तियाना घरीच राहिली. आता खिडकी शिट्टीही घालत नव्हती. घर इतकं गप्प की बाजूच्या बिऱ्हाडातला चमचा पडलेला ऐकू यावा. त्याने तिचा वारा बंद केला होता आणि स्वतःही निघून गेला होता. तिला त्याची आठवण येत होती, रागासकट येत होती, आणि हे सांगायला जवळ कुणी नव्हतं. शेवटी तिने आईलाच फोन लावला, बाळं झोपायच्या वेळेला, आणि सगळं सांगून टाकलं.

आईने शांतपणे ऐकून घेतलं. “मला एक सांग,” ती म्हणाली, “गाद्यांच्या बाजूच्या सायकलवर कोण बसायचं?”

“मी.”

“आणि बाहेरच्या?”

“तो.” तियाना थबकली. गाद्यांची चळत तर तिच्या सायकलपुरतीच होती. त्याचा एक खांदा रोज आडोशाबाहेर असायचा... तो मफलर. तो रकियाचा वास.

“म्हणजे तो पोरगा हिवाळाभर प्रोमायेत बसला,” आई हळूच म्हणाली, “स्वतःच्या मानेला रकिया चोळून. तुझ्या बाबांनीसुद्धा माझ्यासाठी एवढं केलं नव्हतं गं.”

दुसऱ्या दिवशी रेडिएटरवर कपडे तापवायची गरज पडली नाही. कोशावा तोंडावर घेत ती जवळजवळ पळत गेली. जाकीट खुंटीवर होतं.

“आलीस?” स्तानिमिर काकांनी चष्म्यावरून पाहिलं. “बघ, लाकूड वाळलं एकदाचं. भर जानेवारीत! आता हवं तिथे बस.”

खिडकी घट्ट मिटलेली होती, चौकटीला नव्या लाकडाची फिकट पट्टी. आत वाऱ्याचं नाव नाही. वुकाशिन पार दुसऱ्या टोकाला, दाराशी, एक वजन हातात घेऊन उभा होता. तिला बघून त्याने ते उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. मफलर नव्हता. तो जागचा हलला नाही. हलायला आता त्याच्याकडे सबबच उरली नव्हती.

तियाना आपल्या कोपऱ्यात जाऊन सायकलवर बसली. पायडल मारू लागली. शेजारची सायकल रिकामी. एवढं मोठं, ऊबदार, सुरक्षित दालन... आणि तिला तिथे घरच्यासारखंच एकटं वाटलं.

ती उतरली. सगळं दालन ओलांडून खिडकीपाशी गेली, बाकावर चढली आणि कडी काढून खिडकी सताड उघडली.

कोशावा आत घुसला. काकांचं शब्दकोडं उडून थेट वजनांखाली गेलं. “अगं ए! वेड लागलं का तुला? प्रोमाया!”

तियानाने लक्षच दिलं नाही. ती परत कोपऱ्यात आली आणि या वेळी बाहेरच्या सायकलवर बसली. आतल्या सायकलच्या सीटवर थाप मारली.

“वुकाशिन, तिथे काय उभा राहिलास? वारा लागेल. ये इकडे.”

तो आला. जरा धडपडत गाद्यांच्या आडोशाला बसला.

“तू बाहेर बसलीस,” तो म्हणाला.

“आज माझी पाळी.”

“केस...” त्याने तिच्या मोकळ्या केसांकडे पाहिलं, स्वतःची टोपी काढली आणि दोन्ही हातांनी तिच्या कानांवरून खाली ओढली. त्याचे हात तिथेच जरा जास्त रेंगाळले. “लिंट्स अजून लांब आहे, तियाना.”

“म्हणून तर रोज यायचं,” ती म्हणाली.

स्तानिमिर काका कुरकुरत उठले आणि त्यांनी खिडकी धाडकन मिटली. वारा थांबला. कोपऱ्यातलं कुणीही जागचं हललं नाही.