पितळेवरचे क्रॉस

मे महिन्यात कोलशेतहून खोपटला गुणाजीच्या गॅरेजवर मी पाच वेळा रिक्षाने गेले. माझ्या नवऱ्याची, नॉर्मनची, जुनी फियाट तिथे उभी होती. रेडिएटर गळत होता आणि शनिवारी आमच्या अलिशाचं लग्न होतं. तुला मीच गाडीतून देवळात नेणार, असा शब्द तिच्या डॅडींनी ती शाळेत असताना दिलेला. म्हणून तिला तीच गाडी हवी, आणि तिचा रेडिएटर तर कुठेच मिळेना. कल्याणला एकाने टेम्पोचा रेडिएटर गळ्यात मारायचा प्रयत्न केला. ठाण्यात दुसऱ्याने गाडीच भंगारात द्या म्हटलं, तेही हसत. मी आवाज चढवत नाही, पण त्या हसण्याचा राग घरी पोचेपर्यंत गेला नाही.

नॉर्मनला जाऊन तेरा वर्षं झाली. रोज पहाटे पाचला त्याच्या आत्म्याच्या शांतीसाठी जपमाळ घेऊन मी रोझरी म्हणते. अंगात ताप असतानाही चुकवली नाही. तो स्वतः मात्र देवाच्या बाबतीत ढिला. डावखुरा होता, कपाळाला क्रॉससुद्धा डाव्या हाताने करायचा. देवापुढे तरी उजवा हात वापर, म्हणून मी बोलायचे. देवाला दोन्ही चालतात, म्हणायचा. एकच नेम त्याने पाळला. दर वर्षी इस्टरच्या आदल्या दिवशी देवळातून आणलेलं पवित्र पाणी थोडं रेडिएटरमध्ये ओतायचं आणि वरच्या पितळी टाकीवर खिळ्याने एक क्रॉस कोरायचा. असे बारा झाले, मग तो गेला.

गुरुवारी गुणाजीचा फोन आला. मानपाड्याच्या एका भंगारवाल्याकडे फियाटचा रेडिएटर मिळाला होता.

मी गेले तेव्हा रेडिएटर बाकड्यावर ठेवलेला. खालच्या कोपऱ्यात पोचा होता. तो पोचा माझा. गाडी शिकताना मी कुंपणाची भिंत ठोकली होती, आणि नॉर्मनने हसत हसत तिथे कथलाचा डाख लावला होता. वरच्या टाकीवर क्रॉस होते. प्रत्येकाची आडवी रेघ डावीकडे उतरलेली.

मी गुणाजीकडे वळले. रागाने.

“गुणाजी, माझाच रेडिएटर घासूनपुसून मला विकतोस? साहेबांना काय वाटलं असतं रे?”

तो चिडला असता तर बरं झालं असतं. हळूच म्हणाला, “बाय, तुमचा गाडीतच आहे. मी अजून खोललापण नाही.”

खोल म्हटलं. अर्ध्या तासात त्याने तो काढून बाकड्यावर शेजारी ठेवला. तोच पोचा. तोच डाख. नळीजवळ डाखाचा एक थेंब ओघळून सुकलेला, तोही दोन्हींवर.

गाडीतल्यावर बारा क्रॉस होते.

मानपाड्याहून आलेल्यावर मी दोनदा मोजले. पंचवीस.

बारा आणि तेरा. शेवटच्याच्या खाचेत पितळेचा कीस अजून चमकत होता.

घाबरायला हवं होतं. मला संताप आला. ज्याच्या शांतीसाठी मी तेरा वर्षं मणी ओढले, त्याला शांती नव्हतीच तर. मग रोज पहाटेची माझी प्रार्थना जात कुठे होती? हे मी कुणाला विचारायचं?

झाकण फिरवलं. भंगारात पडलेल्या त्या रेडिएटरमध्ये काठोकाठ पाणी होतं. बोट घातलं. भर दुपारी गार.

“परत देऊन येऊ का, बाय?” गुणाजी दोन पावलं लांब उभा होता.

“बसव,” मी म्हटलं. “पोरीला दिलेला शब्द पुरा करू दे त्याला. मग तरी जाऊ दे.”

शनिवारी गाडी मीच चालवली. गाडी एकदाही तापली नाही.

देवळाच्या दारात पवित्र पाण्यात बोटं बुडवली, कपाळाला क्रॉस केला. अलिशा माझ्याकडे बघून हसली. डोळे भरलेले.

“मम्मी, अगदी डॅडींसारखं केलंस.”

मी खाली पाहिलं. गाडीची किल्ली उजव्या हातात होती. म्हणूनच, असं स्वतःला सांगितलं.

रविवारी पहाटे पाचला रोझरी घेऊन बसले. उजवा हात मांडीवर रिकामा होता. मणी डाव्या हातात सरकत होते.