मैनेचा शांतांक

काचेपलीकडच्या खोलीत मैना पाय हलवत बसली होती. वय नऊ, केसांना लाल रिबिनी आणि आत सगळी यंत्रं. मुलांच्या मनाचे आजार हाताळायला नर्स आणि समाजसेवक यांनी एकत्र शिकावं, म्हणून बार्शीच्या प्रशिक्षण केंद्राने ही प्रतिबालिका घडवली होती. एक नर्स, एक समाजसेवक अशा जोडीने तिच्यासमोर परीक्षा द्यायची. एक जोडी सोडली, तर दोनशे सहा जोड्या तिच्यावर पास होऊन कामाला लागल्या होत्या. केंद्राला त्याचा भारी अभिमान.

"हिची स्मृती आम्ही पुसत नाही," तिच्या निर्मात्या डॉ. पद्मजा केळुसकर परीक्षेला आलेल्या नव्या जोडीला म्हणाल्या. "खऱ्या मुलासारखी ती प्रत्येक भेटीतून शिकते. शेवटी तिची नाडी आणि श्वास किती निवळले, तो शांतांक. ऐंशीच्या वर पास."

जोडीतली सिस्टर रुक्सार मुलाणी नापास झाली, तर चार वर्षं मागणी करून मिळालेली बालविभागातली नेमणूक हातची जाणार होती.

आत गेल्यावर समाजसेवक ओव्हाळांनी खुर्चीवर बसत विचारलं, "घरी कसं आहे, मैना?"

"छान आहे."

भिंतीवरच्या पडद्यावर शांतांक एक्याण्णव. चौथ्या मिनिटाला काम फत्ते. ओव्हाळ उठू लागले.

"थांबा, भाऊ." रुक्सारने आल्याआल्या नाडी पाहायला धरलेलं मैनेचं मनगट सोडलं नव्हतं. ती हळूच म्हणाली, "नाडी तुमच्या प्रश्नाच्या आधीच निवळली. आणि तळवा गार पडलाय."

ओव्हाळ परत बसले. "वस्तीत पाहिलंय मी हे, सिस्टर. जिथं मारझोड असते, तिथलं पोर दारातच सांगतं, छान आहे म्हणून. आपण लवकर निघावं, एवढंच त्याला हवं असतं."

दोघंही बसून राहिले. आकडा सत्तरवर आला, मग बावन्न, मग अडतीस.

"बाहेर या, नापास व्हाल," ध्वनिक्षेपकातून पद्मजाबाई म्हणाल्या.

रुक्सार घाबरली होती. तरी तिने हात सोडला नाही. "आम्ही बसतो गं," ती मैनेला म्हणाली.

मैनेचा श्वास अडखळला. "काका मारतो," ती म्हणाली.

हे गुपित पद्मजाबाईंनीच तिच्यात पेरलं होतं. ते कुणाला सापडतं का, हे पाहायचं मात्र राहूनच गेलं. आकडा चांगला असल्यावर कोण ऐकत बसतं?

"आता तुम्ही नापास ना?" मैनेने विचारलं.

"तुला कोण म्हणालं?"

"पहिल्या ताईला मी खरं सांगितलं होतं. ती नापास झाली. इथेच बसून रडली. मग मी कुणालाच नाही सांगितलं."

काचेमागे पद्मजाबाईंनी हिशेब केला. मूल 'छान आहे' म्हणालं की उठायचं, एवढंच मैनेकडून शिकून चारशे बारा माणसं जिल्ह्याजिल्ह्यांत मुलांसमोर बसत होती. त्यांना आजच्या आज परत बोलवायला हवं होतं. पण त्यांना शिकवणार कोण?

त्यांनी जुनं रजिस्टर काढलं आणि नापास झालेल्या त्या पहिल्या जोडीचा फोन नंबर शोधायला घेतला.