बोक्याच्या रक्ताचा आरोपी

"रक्त कधीही खोटं बोलत नाही!" गुप्तहेर गरजले आणि खुर्चीसकट जमिनीवर आडवे झाले.

"गेल्या आठवड्यापासून डुगडुगतेय ती," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "म्हणून तर जावयांना उभं ठेवते."

जावई खरंच दाराशी उभे होते. गुप्तहेरांचे जोडीदार मास्तर खाली वाकले. त्यांना खुर्चीचा बोल्ट सापडला, नट काही सापडला नाही.

कोपऱ्यात दोन दिवसांपासून बोक्या पडून होता. बोक्या हा कुत्रा. नाव ठेवलं तेव्हा सासूबाईंचा चष्मा दुरुस्तीला होता. त्याच्या हिरड्या पांढऱ्याफटक, डोळे पिवळे. दिसेल ते चावणं त्याने सोडलं होतं, त्यामुळे घर हवालदिल.

"ह्यांनीच कांदा चारला," सासूबाई म्हणाल्या. "कुत्र्याला विषच ते. सिद्ध करा. बोक्याचं काही झालं, तर ह्यांना या घराचं दार बंद."

"अहो, मी जवळसुद्धा जात नाही. चावतो तो!" जावई म्हणाले.

"डॉक्टर काय म्हणतात?" गुप्तहेरांनी सासूबाईंना विचारलं.

"शरीरातली पहारेकरी फौज आपल्याच रक्तपेशी मारतेय म्हणे. आज तिला दाबायची जबर औषधं सुरू करणार."

गुप्तहेर आणि मास्तर बोक्याचं रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये पोचले. तिथल्या बाईंनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा हलवला नाही. "पेशी फुटताहेत खऱ्या. पण फौजेचं काम असतं, तर बहुधा चिकटून गठ्ठे राहिले असते. सलाईनच्या थेंबात ह्या सुट्या झाल्या. फौजेचा हात शोधणारी कूम्ब्स चाचणीही नकारात्मक."

"आणि कांदा?"

"कांद्याने पेशींवर फुगवटे येतात. एकही नाही."

"म्हणजे गुन्हेगारच नाही," मास्तर म्हणाले. "चला, चहा घेऊ."

गुप्तहेर कंबर चोळत येरझाऱ्या घालत होते. एकदम थांबले. "मास्तर, मला कुणी पाडलं?"

"गर्वाने?"

"गाडी काढा!"

दवाखान्यात बोक्या टेबलावर, सासूबाई आणि जावई शेजारी, आणि डॉक्टरांची सिरिंज भरून तयार होती.

"थांबा! पेशी सुट्या, म्हणून फौजेवर संशय नाही. फुगवटे नाहीत, म्हणून जावयांवरही नाही. खुर्ची आधी डुगडुगली, बोक्या नंतर आजारी पडला. बोल्ट सापडला, नट नाही. चावऱ्या कुत्र्याच्या घरात नट जाईल कुठे? नटावरचा जस्ताचा मुलामा पोटातल्या आम्लात विरघळतो आणि ते जस्त रक्तपेशी फोडतं. एक्स-रे काढा!"

काढला. पोटात षटकोनी सावली, मधोमध भोक.

"आत्ताच बाहेर काढला तर वाचेल," डॉक्टर सिरिंज ठेवत म्हणाले.

सासूबाईंनी डोळे पुसले. जावयांकडे पाहिलं. तिथेही ते उभेच होते.

"डॉक्टर," त्या हळूच म्हणाल्या, "तो नट जरा धुऊन द्याल? जावईबापूंना बसायला खुर्ची द्यायचीय."