ओलिंदाची पावलं

"झोप येईल अशी गादी हवी आहे," तो म्हणाला.

ओलिंदाने सुई दोऱ्यासकट गादीत टोचून ठेवली आणि वर पाहिलं. दारात एक उंच, भिजलेला तरुण उभा होता. मोंतेविदेओतल्या ऑगस्टची झिमझिम त्याच्या चष्म्यावर साचली होती, त्यामुळे तो नक्की कुठे बघतोय ते कळत नव्हतं.

"आमच्या गाद्यांवर झोपच येते," ती म्हणाली. "नाचायचं असेल तर शेजारचं दुकान बघा."

"पलंगही हवाय... पण त्यात लोखंड नको. एक खिळा नको, एक स्प्रिंग नको."

"लोखंडाने काय घोडं मारलंय तुमचं?"

तो हसला, चष्मा पुसला, आणि तेव्हा तो तिच्याचकडे बघत होता हे तिला कळलं.

त्याचं नाव रामिरो. विद्यापीठात माणसाची झोप तपासायची खोली तयार होत होती आणि यंत्रं बसवायचं काम त्याच्याकडे होतं. बोटीने यंत्र आलं होतं. झोपलेल्याच्या डोक्याला तारा चिकटवायच्या, की मेंदूत जे चाललंय ते आठ पेनं कागदावर काढत जाणार. रस्त्यावरच्या विजेच्या बसची वीज आत शिरू नये म्हणून भिंतींना तांब्याची जाळी ठोकली होती. राहिला होता फक्त पलंग.

"मेंदूची वीज फार बारीक असते हो," तो म्हणाला. "जवळ लोखंड असलं की खोट्या रेघा येतात."

"चाळीस वर्षं मी या शहराला झोपवतोय," आतून ओलिंदाचे वडील एउसेबियो पुटपुटले, "मला नाही कुणी विद्यापीठात बोलावलं."

बापलेकींनी लाकडी खुंट्यांचा, चामड्याच्या पट्ट्यांनी बांधलेला पलंग केला आणि वर मेंढीच्या लोकरीची जाड गादी. लोकर दबून कडक होते, म्हणून दर मंगळवारी ओलिंदा ती मोकळी करायला जाऊ लागली. काम झालं की रामिरो माते करायचा, तिकडचा कडवट पाल्याचा चहा. भोपळ्याचं एकच भांडं, एकच नळी. ओतणारा तो, पिणाऱ्या त्या खोलीच्या प्रमुख डॉक्टरीणबाई आणि ओलिंदा. भांडं हातात देताना त्याची बोटं जरा जास्तच वेळ रेंगाळायची... किंवा तिला तसं वाटायचं.

मग ग्लॅडिस आली.

खोलीला झोपणारं माणूस हवं होतं, आणि औषधशास्त्र शिकणाऱ्या ग्लॅडिसचा मोठा गुण हा की ती दुपारी जेवून आडवी झाली की मेलीच. केस कमरेपर्यंत. पहिल्या दिवशी ओलिंदा लवकर पोचली तर रामिरो त्या केसांत भांग पाडून, श्वास रोखून एकेक तार चिकटवत होता. उशीचा अभ्रा हातात घेऊन ती दारातच थांबली.

"मऊ आहेत ना केस?" तिने नंतर विचारलं.

"अं? हो... गोंद धरत नाही नीट."

"बिचारा गोंद."

गादी माझी, आणि झोपते ती. तो बसून बघतो तिची झोप. ओलिंदाच्या डोक्यातून हे जाईना. त्या संध्याकाळी लोकर भरताना तिने मूठभर काटेरी गोखरू तसेच आत राहू दिले. दुसऱ्या दिवशी ग्लॅडिस नेहमीपेक्षा वीस मिनिटं जास्त झोपली.

पुढच्या मंगळवारी रामिरोने कौतुकाने कागद उलगडला. "काय सुंदर झोप आहे हो ग्लॅडिसची. अशा लाटा मी पाहिल्याच नव्हत्या."

ओलिंदाने माते संपवलं. नळी खुळखुळेपर्यंत ओढलं, भांडं त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, "ग्रासियास."

आभार. शब्द साधाच, पण माते पिताना तो जपून वापरतात. भांडं परत देताना आभार मानले की अर्थ एकच: पुरे, मला आता तुझ्याकडून नको.

रामिरोचा हात थांबला. "पहिल्याच फेरीला?"

"हो."

त्याच्या पुढच्या मंगळवारी भांडं तिच्यासमोरून डॉक्टरीणबाईंकडे गेलं. त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं, रीतच ती. तिला वाटत होतं त्याने एकदा तरी विचारावं. त्याला बहुधा वाटत होतं तिने एकदा तरी मागावं. दोघंही खिडकीतून बस बघत बसली.

त्यानंतर तिने वडिलांना पाठवायला सुरुवात केली.

तीन आठवड्यांनी एउसेबियो कागदाची जाड गुंडाळी घेऊन आले. "डॉक्टरीणबाईंनी दिली. बाद कागद आहेत म्हणाल्या, कापड बेतायला घ्या."

वरच ग्लॅडिसचं नाव. ओलिंदाने कात्री उचलली. कधी नव्हे ते पहिला तुकडा अगदी बारीक करावा असं तिच्या मनात होतं. पण कडेला पेन्सिलने काहीतरी लिहिलेलं दिसलं. झोपणाऱ्याच्या कानावर जो आवाज जाईल तो कडेला नोंदवायचा, असा त्या खोलीचा नियम होता.

२.१० – बस.
२.२५ – डॉक्टरीणबाईंची शिंक.
२.४० – जिन्यावर ओलिंदाची पावलं.
२.४२ – ओलिंदा हसली. खाली, पहारेकऱ्याशी. (हा पहारेकरी एवढा विनोदी कधीपासून झाला?)

पावलांपाशी रेघा जराही हलल्या नव्हत्या. ग्लॅडिसला पत्ताच नव्हता. मग ती पावलं ऐकली कुणी? ओलिंदा जमिनीवर बसली आणि गुंडाळी सोडत गेली.

२.४० – ओलिंदा आली नाही. वडील आले.
२.५५ – नाही.
३.१० – नाही.

त्याखाली डॉक्टरीणबाईंचं लाल शाईतलं अक्षर: रामिरो, न आलेल्या माणसाचा आवाज नोंदवू नये. कागद बाद.

"बेतायला बरा आहे ना कागद?" वडिलांनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "हा कापायचा नाही."

पुढचा मंगळवार आठवड्यावर होता. ती दुसऱ्याच दिवशी गेली. जाळीपलीकडे ग्लॅडिस झोपली होती, अलीकडे पेनं खरखरत होती. रामिरो उठून उभा राहिला आणि पेन्सिल शोधू लागला.

"माझ्या पावलांचा एवढा आवाज होतो?" तिने हळूच विचारलं.

त्याचे कान लाल झाले. "होतो... मला."

"आणि त्या सुंदर लाटा?"

"त्या कागदावर, ओलिंदा. रोज गुंडाळून कपाटात ठेवतो मी."

त्याने माते भरलं. भांडं पुढे केलं आणि मध्येच हात थांबवला, आपलं चुकतंय की काय अशा चेहऱ्याने. तिनेच ते घेतलं. सावकाश प्यायली, नळी खुळखुळेपर्यंत, आणि परत दिलं. तो वाट बघत राहिला. खालून बस गेली, ती नोंदवायची राहिली.

"काही म्हणायचं नाही तुला?"

"नाही," ओलिंदा म्हणाली.

त्याने पुन्हा भरलं.

पुढच्या बेचाळीस वर्षांत तिने त्याचे आभार मानल्याचं कुणी ऐकलं नाही.