राग काढायची उशी

मुलुंडला डोंगराच्या बाजूला, जिथवर यायला रिक्षावाले कुरकुर करतात, तिथे वृद्धांचं एक शुश्रूषा केंद्र आहे. नलिनी तावडे कित्येक वर्षं तिथे दिवसपाळीला होती. तिच्या वाट्याला आले होते नंदकुमारकाका. एके काळचे बँकेतले साहेब. आता खाटेला खिळलेले, भान हरपलेले, तोंडात शिव्यांशिवाय शब्द नाही. भरवायला गेलं की चावायचे, कूस बदलायला गेलं की केस धरून हिसडायचे. नलिनी मुकाट सोसायची. त्यांचे पाय चेपताना तिला गावी वारलेल्या बापाची आठवण यायची, आणि कधी कधी त्याच हाताला वाटायचं, एक ठेवून द्यावी.

त्या वाटण्याची तिला भीती वाटे. म्हणून केंद्रात काम करणाऱ्या बायकांचं मन मोकळं करायला समुपदेशक येणार असं कळलं, तेव्हा सगळ्यांत आधी तिनेच नाव दिलं.

अस्मिता मॅडम बोलायला मऊ. जेवणं आटोपली की तळमजल्याच्या खोलीत सतरंजी घालायच्या. मधोमध एक उशी. सावरीच्या कापसाची, टच्च भरलेली.

"दिवसभर तुम्ही दुसऱ्याचं करता," मॅडम म्हणाल्या. "तुमचं कोण करणार? ज्याचा राग येतो त्याला डोळ्यांसमोर आणा आणि द्या हिला. इथे कुणाला लागत नाही."

नलिनीने आधी लाजत लाजत चापट मारली. मग बुक्की. मग काय झालं कोण जाणे, ती दोन्ही हातांनी उशीवर तुटून पडली. घाम, रडू, सगळं एक झालं. उठली तेव्हा छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटत होतं.

वर आली, तर काकांचा ओठ फाटलेला. एक डोळा सुजून बंद. चादरीवर रक्त.

खाटेचे कठडे जागच्या जागी होते. खोलीत कुणी आलं-गेलं नव्हतं. दाराबाहेरच्या कॅमेऱ्यात ते स्वच्छ दिसत होतं. झटका येऊन कठड्यावर आपटले असतील, डॉक्टर म्हणाले. नलिनीने जखम पुसली, आणि मनात आलेला विचार त्या लाल बोळ्याबरोबरच टाकून दिला.

पुढच्या खेपेला उशी बडवायची पाळी शर्मिष्ठाची होती. नलिनीची मैत्रीण, तोंडाने फटकळ. काकांनी तिच्या मनगटाचा लचका तोडला होता, टाके घालावे लागले होते.

"आज थेरड्याला सोडत नाय बघ," म्हणत ती खाली गेली.

नलिनी पेजेची वाटी घेऊन काकांपाशी बसली. खोलीत फिनेलचा आणि लघवीचा वास कोंडला होता. पंखा कुरकुरत होता. तेवढ्यात खालून आवाज आला... धप्प.

काकांचं डोकं एका बाजूला फेकलं गेलं.

धप्प. गालावर बोटं उमटली. नलिनीच्या डोळ्यांदेखत, फिकट कातडीवर, लालभडक. धप्प. नाकाचं हाड वाळक्या काटकीसारखं मोडलं आणि पेजेत रक्त उडालं. काका ओरडले नाहीत. नुसते नलिनीकडे बघत राहिले.

ती जिन्यावरून धडपडत खाली धावली.

"शर्मिष्ठा! थांब गो... मारू नको! ता त्यांका लागता!"

शर्मिष्ठाचा हात थांबेना. तेव्हा नलिनीने उशीवर अंग टाकलं, चार बुक्क्या आपल्या पाठीवर घेतल्या. उशी खाली धडधडत होती. का ते तिचंच काळीज होतं...

मॅडमनी तिला बाजूला नेऊन पाणी दिलं.

"नलिनीताई, मनात राग असला ना, की जे होतं त्याला आपणच कारण आहोत असं वाटतं. तुम्ही फार थकला आहात."

"मी बघलंय, मॅडम. ह्या डोळ्यांनी."

"उशीच नसली, तर बरं वाटेल?"

"तिला हात लावू नका," नलिनी म्हणाली. "कोणीच हात लावू नका."

तिने उशी जुन्या लुगड्यात गुंडाळली, तान्ह्या पोराला गुंडाळतात तशी, आणि कपाटात ठेवली. येता-जाता दार उघडून बघायची. काकांच्या जखमा भरत आल्या. चावणंही थांबलं. शर्मिष्ठा मात्र काळजीत पडली. बाई कपाटापाशी उभी राहून उशीला थोपटते, हे तिनेच मॅडमच्या कानावर घातलं.

त्या सकाळी काका शहाण्यासारखे पेज खात होते. खाली कचऱ्याची गाडी आली. नलिनीने सहज खिडकीतून पाहिलं. अस्मिता मॅडम गाडीमागे उभ्या होत्या. हातातलं लुगड्याचं गाठोडं त्यांनी गाडीवरच्या माणसाकडे दिलं.

"मॅडम! नको... मॅडम!"

इंजिनाच्या घरघरीत तिचा आवाज बुडाला. कचरा दाबणारी लोखंडी फळी खाली येऊ लागली.

नलिनीच्या पाठीमागे काही तरी कडकन मोडलं.

काकांची छाती खाली बसत चालली होती. फासळ्या एकामागून एक तुटत होत्या. नलिनी त्यांच्यावर झेपावली, हवेत हात रेटू लागली, पण रेटायला तिथे काहीच नव्हतं. कानांतून रक्त आलं. जबडा निखळला. गुडघे उलटे वळून पोटात दाबले गेले. ती किंचाळत होती, "सोडा... सोडा त्यांका!" खाली गाडी थांबली, तेव्हाच ते थांबलं.

डॉक्टर धावत आले. काकांच्या कुशीतून हाडाचं टोक बाहेर आलं होतं. त्यांनी तिथे बोट लावलं आणि हात झटकन मागे घेतला. जखमेतून रक्त येत नव्हतं. पांढरा, हलका सावरीचा कापूस बाहेर येत होता. पंख्याच्या वाऱ्यावर तो खोलीभर उडू लागला.

अस्मिता मॅडम दारात पोचल्या होत्या.

"मला वाटलं... तुम्हाला बरं वाटेल..."

जिन्यावर बूट वाजले. गाडीवरचा बाळा धापा टाकत वर आला. हातमोजे कोपरापर्यंत लाल झाले होते.

"गाडी बंद केलीय," तो म्हणाला. "आत कोन तरी मानूस हाय... पानी मागतोय."

बाळाने एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं.

"नलिनी कोन तुमच्यात? तिला हाका मारतोय."